हार्लेची विश्वविजेतेपदे वारेसेची

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत हार्ले-डेव्हिडसनच्या वाटचालीवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र १९७४ ते १९७६ या वर्षांतील ग्रां प्री (मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेतील) विजेतेपदांचे श्रेय त्यात सरसकट अमेरिकी कारखान्याला दिले आहे. त्या मोटरसायकली जिथे जन्मल्या, त्या एरमाक्की या इटालियन विमान कंपनीचा साधा नामोल्लेखही लेखात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जुलिओ माक्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या अगोदर उत्तर इटलीतील वारेसे येथे फ्रेंच न्यूपोर विमाने परवान्यावर बांधण्यासाठी ही कंपनी काढली. जवळच सरोवर असल्याने पाण्यावरून उडणारी विमाने हे तिचे खास क्षेत्र बनले आणि १९२६ मध्ये तिच्या विमानाने अमेरिकेत जाऊन सीप्लेनच्या शर्यतीचा श्नायडर करंडक जिंकला. मारिओ कास्तोल्दी यांनी आखलेल्या एम.सी. ७२ या विमानात बारा-बारा सिलिंडरांची दोन इंजिने एकामागे एक जोडलेली होती आणि पुढचे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्चेस्को अजेल्लो यांनी गार्दा सरोवरावर हे विमान ताशी ७०९ किलोमीटर वेगाने उडवले. पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनमध्ये तो विक्रम आजही मोडलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर लढाऊ विमानांची मागणी आटली, तेव्हा कामगारांच्या हातांना काम देण्यासाठी कंपनी तीनचाकी मालवाहू गाड्यांकडे आणि १९५० च्या सुमारास मोटरसायकलींकडे वळली. १९५६ मध्ये आलेली 'किमेरा' ही पत्र्याच्या आवरणांनी झाकलेली देखणी गाडी बाजारात चालली नाही. पण आवरणे काढल्यावर आत जे होते, ते टिकले. आल्फ्रेदो बियांकी यांचे ते एकच आडवे सिलिंडर असलेले फोर-स्ट्रोक इंजिन साधे, हलके आणि चिवट होते. त्यातूनच पुढे 'आला दोरो' ही शर्यतीची गाडी घडली. अनेक सिलिंडरांच्या महागड्या यंत्रांशी झुंजत इटालियन शर्यतपटू रेन्झो पासोलिनी यांनी १९६६ मध्ये ३५० सीसी गटात एरमाक्कीवरून जगात तिसरा क्रमांक मिळवला. माझ्या मते ही कामगिरी नंतरच्या विजेतेपदांइतकीच मोलाची आहे.

दरम्यान १९५७ मध्ये एम.बी. ३२६ हे प्रशिक्षण जेट उडाले, ते परदेशी हवाई दलांनीही स्वीकारले आणि कंपनीचा मूळ व्यवसाय पुन्हा उभा राहिला. १९६० मध्ये मोटरसायकल विभागाचा निम्मा हिस्सा हार्लेने घेतला तो छोट्या गाड्यांसाठी, आणि 'स्प्रिंट' या नावाने अमेरिकेत विकली गेलेली २५० सीसी गाडी वारेसेचीच होती.

त्यानंतर टू-स्ट्रोक यंत्रांचा काळ आला. १९७२ मध्ये नव्या जुळ्या सिलिंडरांच्या गाडीवर पासोलिनी यांचे २५० सीसीचे विश्वविजेतेपद अवघ्या एका गुणाने हुकले. पुढच्याच वर्षी २० मे रोजी मोंझा येथील भीषण अपघातात ते आणि फिनलंडचे शर्यतपटू यार्नो सारीनेन, दोघेही दगावले. त्याच वंशातील यंत्रांवर इटालियन शर्यतपटू वॉल्टर व्हिला यांनी १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे २५० सीसीचे आणि १९७६ मध्ये ३५० सीसीचेही विजेतेपद पटकावले. टाकीवर नाव हार्लेचे होते. ग्रां प्रीमध्ये हार्लेच्या नावावर एवढीच चार विश्वविजेतेपदे आहेत आणि ती चारही वारेसेच्या तंत्रज्ञांनी मिळवून दिलेली आहेत.

१९७८ मध्ये हार्लेने हा कारखाना कास्तिल्योनी बंधूंना विकला. तिथे त्यांनी काजिवा ही मोटरसायकल कंपनी उभी केली आणि आज सरोवराकाठच्या स्किरान्ना येथे एमव्ही अगुस्ताच्या मोटरसायकली तयार होतात. अगुस्ता हेदेखील मुळात त्याच परिसरातील विमान कंपनीचे नाव आहे.

लेखमालेचा पुढील भाग इटालियन मोटरसायकलींवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात एरमाक्कीला स्वतंत्र जागा द्यावी आणि व्हिला यांच्या विजेतेपदांबाबतची दुरुस्तीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे