वह्या नाहीत, फुलपात्रं आहेत
(महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र)

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

एकोणीस वर्षं मी अंगणवाडी चालवते. मागच्या महिन्यात पर्यवेक्षिका मॅडम आल्या आणि मुलांच्या वह्या मागितल्या. वह्या नव्हत्याच. "मग पोरं करतात काय?" असं त्यांनी विचारलं. मदतनीस ताईंसमोर मी गप्प बसले. उत्तर आता लिहिते.

दोन सारख्या फुलपात्रांत सारखंच पाणी ओतलं. साडेचार वर्षांच्या एकाला विचारलं, "कशात जास्त?" "सारखंच." मग त्याच्यासमोरच एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं. लगेच बोट पेल्यावर. "ह्यात जास्त!" परत फुलपात्रात ओतलं की सारखं, पेल्यात ओतलं की जास्त. वर माझ्याकडे असं बघतो, की बाईंना एवढंही कळत नाही! त्याला न्यायला आलेली आठ वर्षांची बहीण खो-खो हसली. "अरे, तेच पाणी!" तीन-चार वर्षांपूर्वी तीही पेल्याकडेच बोट दाखवायची. मधे तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग जगाला दाखवला. उंची आणि रुंदी दोन्ही एकदम ध्यानात धरणं साधारण सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. (प्रश्न वेगळा विचारला तर काहींना आधीही जमतं, असं पुढच्या संशोधकांनी म्हटलंय. तो वाद वेगळा.) पण घोकून ते लवकर येत नाही.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून आपल्याला तो तयार वाटतो. आत मात्र काम चालूच असतं. पेशींमधले जोड आधी भरमसाट होतात, वापरातले टिकतात, बाकीचे गळतात. थांबणं, वाट बघणं, एका जागी लक्ष धरणं ज्याच्याकडे आहे तो कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत पिकत राहतो. आणि हाताचं काय? चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातल्या आठ हाडांपैकी बरीचशी अजून मऊ कूर्चाच असते, पक्कं हाड झालेलं नसतं.

यंदा माझी सात मुलं गावाबाहेरच्या नर्सरीत गेली. "तिथं लिहायला लावतात," आया म्हणाल्या. एकीने वही दाखवली. 'ए' अक्षराची चार पानं. तिसऱ्या पानावर पेन्सिल दाबून दाबून कागदाला भोक पडलेलं.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला पाड्यांवरची मुलं अंगणात जमवली, तेव्हा खेळ हाच अभ्यास होता. २०२२ चा पायाभूत स्तराचा (तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तेच सांगतो. मग तपासणीत वह्या कशाला?

माझं मागणं दोन ओळींचं आहे. सहा वर्षांखालच्या मुलांच्या लेखनाच्या वह्या तपासणीत मागू नयेत, असं लेखी कळवा. आणि पालकांना दाखवायला आपल्या सहीचं एक साधं मराठी पत्र द्या. माझ्या सांगण्याला 'नुसती गाणी म्हणवून घेते' यापलीकडे किंमत नाही.

मॅडमची पुढची भेट व्हायच्या आत मिळालं तर बरं होईल.

आपली,
एक अंगणवाडी सेविका