कॉलेजच्या फाटकाबाहेरचे मास्तर

संपादक महोदय,

2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना इंटर्नशिप आणि सामुदायिक सहभागाचे क्रेडिट मिळू लागले. माझी पुतणी बी.कॉम.ला आहे. तिच्या कॉलेजने मुलांना नागपूरच्या कळमन्याच्या घाऊक बाजारात नेले, संत्र्यांच्या ढिगापुढे बॅनर धरून फोटो काढला आणि अर्ध्या तासात बस परत! समोर लिलाव चालू होता. भाव कसा ठरला हे विचारायलाही कोणी थांबले नाही.

खरे तर अडत (म्हणजे दलाली), तोलाई, हमाली, प्रतवारी, संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहरांतला, म्हणजे हंगामांतला, फरक एवढ्यावरच एक अख्खे सत्र शिकवता येईल. त्यासाठी अडतदार आणि बागायतदारांना अभ्यासक्रम ठरवतानाच बोलवायला हवे, उद्घाटनाला नारळ फोडायला नव्हे. आमच्या महालाजवळच्या चितारओळीतल्या मूर्तिकारांचेही तेच. माती मळण्यापासून डोळे रेखण्यापर्यंतचे काम चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना आणखी कोण शिकवणार? डिग्री नसली तरी अनुभवी माणसाला शिकवता यावे, म्हणून यूजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली, पण तिचा विचार बड्या कंपन्यांच्या साहेबांपलीकडे जाताना दिसत नाही.

मात्र या कारागिरांना फुकट राबवू नका. मानधन द्या आणि वेळापत्रक त्यांच्या सोयीने आखा. गणपतीच्या तोंडावर त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते. बदल्यात मुलांनी त्यांचे हिशेब, जीएसटीचे कागद, ऑनलाइन विक्री सांभाळावी. पुतणी म्हणते, 'काका, हे जमलं असतं मले.'

– एक पालक, महाल, नागपूर