आधी पाडलं कसं, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं शाश्वत बांधकामावरचं पानभर लिखाण वाचलं. गच्चीवरचे सौर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, कमी वीज खाणारे दिवे, हरित मानांकनाचे तारे, सगळं आलं आहे. त्यात गैर काही नाही. पण ज्या जागेवर ही हरित इमारत उभी राहणार तिथे आधी काय उभं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे एकाही तज्ज्ञाला विचारलेलं दिसलं नाही. ते खटकलं म्हणून हे पत्र.

आमची इमारत पुनर्विकासात गेली. तळमजला अधिक दोन मजले, सगळा भार भिंतींवर, वीटकाम चुन्यातलं, जोतं काळ्या दगडाचं, दारं-खिडक्यांच्या चौकटी सागवानी. माझी सगळी नोकरी साइटवर झाली, त्यामुळे हा माल काय लायकीचा आहे ते मला कळत होतं. चुन्यातली वीट थापीच्या एक-दोन टोल्यांत मोकळी होते. चुना झडतो, वीट शाबूत राहते. सिमेंटच्या मसाल्यात उलटं होतं, मसाला सुटायच्या आधी वीटच फुटते. म्हणजे आमच्या भिंतींतल्या बऱ्याचशा विटा पुन्हा भिंतीत लावण्याजोग्या होत्या. हे मी सभेत सांगितलं, लेखी दिलं, विकासकाच्या माणसाला जिन्याखालचा कोपरा उकरून एक वीट अखंड काढून दाखवली. "काका, काळजी करू नका, सगळं व्यवस्थित उतरवून घेऊ," असं तो सर्वांसमक्ष म्हणाला. करारनाम्यात मात्र त्यातलं काही आलं नाही. जुनी इमारत पाडून राडारोडा हलवणे, एवढ्या एका ओळीत तो विषय संपवला होता.

मग एका सकाळी पोकलेन आलं आणि दुपारपर्यंत मागची अख्खी बाजू खाली बसली. चौकटी काढायला सुतार बोलावलाच नव्हता. बकेटच्या दातांखाली सागाची चौकट मधोमध चिरताना मी समोर उभा राहून पाहिली. आतलं लाकूड अजून तांबूस होतं, वाळवीचा मागमूस नव्हता. वीट, दगड, गिलावा, पीव्हीसीचे पाइप, वायरी, संडासाच्या भांड्यांचे तुकडे, गच्चीवरचं डांबर, सगळं एका ढिगात कालवलं गेलं. एकदा असं कालवलं की त्याचा उपयोग भरावापुरता उरतो, आणि प्लास्टिक मिसळलेलं असलं तर भरावालाही ते धड नसतं. वेगळं काढलं ते फक्त लोखंड, कारण त्याचे पैसे भंगारवाला जागेवर मोजतो. डंपरवाल्याला विचारलं, माल कुठे टाकणार? तो म्हणाला, "सांगतील तिथं." पुढे नाल्याच्या काठाला टाकलेल्या एका ढिगात आमच्या जिन्याच्या लाल कठड्याचे तुकडे मला ओळखू आले.

मी तक्रार केली. ज्या कार्यालयात केली तिथे मला सांगण्यात आलं की डंपरचा नंबर आणि टाकतानाचा फोटो आणा. राडारोड्याच्या मागे रात्री नाल्यापर्यंत पळायचं काम ज्येष्ठ नागरिकाने करायचं, असा त्याचा अर्थ मी काढला, आणि तो मला अजून लागून राहिला आहे.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला असं वेगवेगळं करायचं आणि त्याचा आराखडा आधी द्यायचा, असं लिहिलं होतं. एक डंपर धड भरला की १५-२० टन सहज होतात. आमच्या इमारतीचा आराखडा कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही. आता २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले, त्यात प्रकल्प करणाऱ्यावर विस्तारित जबाबदारी (म्हणजे निघालेल्या राडारोड्याची पुढची विल्हेवाटही त्यानेच बघायची) टाकली आहे, हे चांगलंच आहे. पण ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर. गल्लीबोळांत तीन-चार मजली इमारती पडतात, त्यातल्या किती या आकड्यापर्यंत पोचतात? हे आपल्या तज्ज्ञांनी सांगायला हवं होतं.

हाताने उतरवायला वेळ लागतो, आणि तोवर विकासकाला रहिवाशांचं भाडं भरावं लागतं. अडचण खरी आहे. म्हणूनच ती माणसांच्या सदिच्छेवर सोडून चालत नाही. पाडकामाच्या परवानगीतच चौकटी, फरशी, दगड, विटा आधी उतरवण्याची अट आणि त्यासाठीची मुदत असली, तर प्रत्येक विकासक तो वेळ आधीच हिशेबात धरेल.

यात एवढं काय, जुन्या विटा तर होत्या, असं आमच्याच सभासदांतले काही म्हणाले. जुन्याच्या जागी जे नवं येतं ते कशाचं बनतं ते बघा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. क्लिंकर, म्हणजे ज्याची पूड करून सिमेंट बनतं ते भाजलेले खडे, करायला भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, पण त्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा नाहीच. चुनखडी तापली की तिच्यातूनच तो वायू सुटतो. उद्या सगळी भट्टी सूर्याच्या विजेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी वापरणं आणि आहे ते बांधकाम जास्त वर्षं टिकवणं याला पर्याय नाही. गच्चीवर कितीही पॅनेल लावले तरी पायापासून ओतलेल्या काँक्रीटच्या कार्बनचा हिशेब मागे राहतोच.

पाडायलाच हवं होतं का, हाही प्रश्न आहे. आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दुरुस्ती सुचवली होती. तो अहवाल सभेत पूर्ण वाचला गेला नाही, वाढीव चटई क्षेत्राचा तक्ता मात्र तीनदा दाखवला गेला. फ्रान्समध्ये बोर्दो इथे ग्रां पार्क वसाहतीतल्या तीन जुन्या इमारतींमधली ५३० घरं न पाडता, रहिवाशांना न हलवता वाढवली. दर्शनी बाजूला नवे सज्जे जोडून खोल्यांना उजेड आणि जागा दिली. त्या कामात असलेल्या लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांना वास्तुकलेतलं मानाचं प्रिट्झकर पारितोषिक २०२१ मध्ये मिळालं. आपल्याकडे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या नव्या घरांत बसवली, आणि विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या रॅट-ट्रॅप बाँडच्या भिंती बांधून विटांची चांगली बचत करून दाखवली. हे काम करून झालेलं आहे, लोक त्या घरांत राहताहेत. पण आपल्या पानावर फोटो कुठला, तर नखशिखांत काचेच्या इमारतीचा! उन्हाच्या प्रदेशात अशी काच लावली की आत दिवसभर एसी चालवावाच लागतो, ही गोष्ट साइटवरच्या मुकादमालाही ठाऊक असते.

त्याच पानावर राखेच्या सिमेंटचं कौतुक वाचून बरं वाटलं. पीपीसीत, म्हणजे राखेच्या सिमेंटमध्ये, ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश (कोळशाची राख) आणि स्लॅगच्या (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या) सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग आपलं मानक चालवून घेतं. तरी साइटवर ५३ ग्रेडचं ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, मागवलं जातं, कारण त्याला ताकद लवकर येते आणि सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणारा साचा) लवकर उघडून वरच्या स्लॅबला नेता येतं. राखेचं सिमेंट वापरायचं तर पाणी जास्त दिवस मारावं लागतं, हे लेखात नाही. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, हवं. आमच्या नव्या इमारतीच्या कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं मी रोज फिरायला जाताना पाहतो. हात लावला की कोरडं ठणठणीत. अशा कॉलमचं सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सच्छिद्र राहतं, हवा आणि ओल आत शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. साठ वर्षं टिकायची इमारत तिसाव्या वर्षी मोडीत निघाली तर तेवढ्याच जागेवर दुप्पट सिमेंट ओतलं जाईल, आणि दारावर हरित मानांकनाची पाटी लावलेली असेल. मी साइटवरच्या इंजिनिअरला हे सांगितलं. त्याने टँकर आला नाही असं सांगितलं. टँकर येत नाही तर स्लॅब भरूच नये, हा नियम आमच्या काळी पाळला जायचा, निदान मी असलेल्या साइटवर.

जाता जाता आणखी एक. आमच्या रस्त्याच्या पदपथावरचे पेव्हर ब्लॉक यंदा पुन्हा उखडले. एकही फुटलेला नव्हता. ते चांगले ब्लॉक कडेला रचून ठेवलेत आणि त्यांच्यावर वाहनं चढून त्यांचा आता खरंच चुरा होतो आहे. २०१६ च्या नियमांत राडारोड्यापासून बनवलेला माल सरकारी कामांत १० ते २० टक्के तरी घ्यावा असं म्हटलं होतं. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकातही २०१६ पासून जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ ताकदीपर्यंतच्या आरसीसीमध्ये (सळईच्या काँक्रीटमध्ये) २० टक्के चालते. मग पदपथाच्या निविदेत ही अट का नसते? आणि न फुटलेले ब्लॉक काढायचा आदेश कुणाच्या सहीने निघतो?

आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुढचं पान काढाल तेव्हा विकासकांच्या संघटनेबरोबर एखाद्या पाडकामाच्या कंत्राटदारालाही बोलावा, एखाद्या डंपरवाल्याशी बोला, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडून गेल्या वर्षभरात किती पाडकामांचे राडारोडा आराखडे जमा झाले तो आकडा मागून छापा. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. तो दुसऱ्या विभागाकडे वर्ग केल्याचं पत्र आलं आहे, त्यापुढे काही नाही. वर्तमानपत्राने विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त आहे. पत्र लांबलं आहे. कापायचंच झालं तर बोर्दोचा भाग कापा, क्युरिंगचा कृपया ठेवा.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर