दर घटला, म्हणून रोजगार वाढला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘बेरोजगारी घटली, रोजगार वाढला’ असे शीर्षक वाचले आणि दिवसभर ते मनातून गेले नाही, म्हणून हे पत्र. शीर्षकाचा पूर्वार्ध बातमीतल्या आकड्याला धरून आहे. उत्तरार्धाला मात्र त्या बातमीत कुठेही आधार नाही, कारण वार्षिक बेरोजगारी दर खाली आला म्हणून नोकऱ्या वाढल्याच, असे होत नाही.

माझ्या मुलाची नोकरी गेली तेव्हा तो रोज अर्ज करत असे. कुठे अर्ज केला, कोणाचे उत्तर आले, हे तो एका वहीत तारखेनिशी मांडून ठेवी. चौदा महिन्यांनंतर ‘उत्तर’ हा रकाना जवळजवळ कोराच राहिलेला पाहून त्याने अर्ज करणेच थांबवले. पुढे घरी सर्वेक्षणासाठी एक बाई आल्या. त्यांनी विचारले, “सध्या काम शोधता आहात का?” तो खरे तेच बोलला, “नाही.” त्या एका शब्दासरशी तो बेरोजगारांच्या यादीतून बाहेर पडला. त्या बाईंचा यात काहीच दोष नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे काम नसणे, काम करण्यास उपलब्ध असणे आणि नजीकच्या काळात काम शोधलेले असणे या तिन्ही गोष्टी असतील तरच माणूस बेरोजगार ठरतो. शोध थांबवणारा श्रमशक्तीच्याच, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून होणाऱ्या संख्येच्याच, बाहेर धरला जातो. काही महिन्यांनी मुलाने आठवड्यातून दोन तास शिकवणी घ्यायला सुरुवात केली. संदर्भ आठवड्यात, म्हणजे सर्वेक्षणात ज्या आठवड्याबद्दल विचारतात त्यात, मोबदल्यासाठी एक तास काम केले तरी रोजगार मानण्याची पद्धत असल्यामुळे आता तो रोजगार असलेल्यांत मोजला जाईल. ज्या नोकरीसाठी त्याने ती वही भरली, तसली नोकरी मात्र त्याला अद्याप मिळालेली नाही.

आपल्या वार्ताहराने भागाकार करून पाहावा, अशी विनंती आहे. काम करण्याच्या वयाची 100 माणसे आहेत, त्यांतील 54 कामावर आहेत आणि 6 काम शोधत आहेत, असे धरले तर श्रमशक्ती 60 आणि बेरोजगारी दर, म्हणजे श्रमशक्तीतील काम शोधणाऱ्यांचे प्रमाण, 10 टक्के येतो. शोधणाऱ्या सहांपैकी तिघांनी नाद सोडला की श्रमशक्ती 57 उरते आणि दर 5.3 टक्क्यांवर येतो. दर जवळजवळ निम्मा झाला, पण कामावरची माणसे तेव्हाही 54 होती आणि आताही 54 च आहेत. म्हणूनच या दराशेजारी श्रमशक्ती सहभाग दर (कामाच्या वयाच्या लोकांत श्रमशक्ती किती) आणि कामगार-लोकसंख्या गुणोत्तर (त्याच लोकांत प्रत्यक्ष कामावर किती) छापणे आवश्यक असते. अमेरिकेचे कामगार सांख्यिकी कार्यालय तर एकाच वेळी सहा निरनिराळी मापे प्रसिद्ध करते आणि त्यांतील काहींत काम शोधून हताश झालेल्यांनाही धरते.

शिवाय वार्षिक दर ही वर्षाची सरासरी असल्याने वर्षाच्या पोटात काय घडले, ते तीत दिसत नाही. 2020 साली अमेरिकेचा वार्षिक दर सुमारे 8 टक्के होता, परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो साडेचौदा टक्क्यांच्या वर गेला होता. त्या एप्रिलमध्ये ज्यांचे घरभाडे थकले, त्यांना 8 टक्के या सरासरीतून काय कळणार?

जाता जाता आणखी एक तक्रार. बातमीसोबतच्या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे छोटी घट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. मजकुरातही ‘टक्के’ आणि ‘टक्केबिंदू’ यांची सरमिसळ झाली आहे. दर 8 वरून 6 वर आला तर ती घट 2 टक्केबिंदूंची असते, टक्क्यांत सांगायची तर 25 टक्क्यांची. ‘2 टक्क्यांनी घटला’ हे चूकच.

मी आपले वृत्तपत्र अनेक वर्षे विश्वासाने वाचत आलो आहे, म्हणून आग्रहाने मागणी करतो की शीर्षकातील ‘रोजगार वाढला’ या शब्दांबद्दल आपण खुलासा छापावा, आणि तो आतल्या पानाच्या कोपऱ्यात न टाकता मूळ बातमी होती तिथेच, पहिल्या पानावर द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक