वाळवंटात सायकल नेताय? मग जोडीदार हवाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्याकडची बरीच मंडळी सायकली घेऊन राजस्थान गाठतात आणि बातमी येते ती एवढीच, किती किलोमीटर अन् किती तासात. 2015 ला नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, त्याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. तिथेही वाळवंट लागतं पण मागे क्रूची, म्हणजे मदतनीसांची गाडी असते. आपण हौसेने जातो तेव्हा मागे कोणी नसतं.

मी मित्रासोबत जैसलमेरहून रामगढमार्गे तनोटला गेलो होतो. अंतर साधारण 120 किमी, चढ फारसा नाही, रस्ता मस्त, आणि तिथेच माणूस फसतो. रामगढ सोडलं की सावली मिळणं मुश्किल, त्यात समोरून वारा असला की सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं होतं, मग आळीपाळीने एकाने पुढे राहायचं अन् दुसऱ्याने त्याच्या मागे दम खायचा. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो त्यामुळे वाटतं आपल्याला घामच येत नाहीये, प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी सहज जातं आणि सोबत मीठही. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो आणि ज्याला होतंय त्यालाच ते कळत नाही!

माझा मित्र एरवी तोंड बंद न ठेवणारा, तो गप्प झाला, साध्या प्रश्नाला उत्तर देईना. लगेच थांबवला, एका खेजडीच्या झाडाखाली बसवला, मान-डोकं ओलं केलं, ओआरएस घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने बोलायला लागला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. एकटा असता तर तसाच पॅडल मारत राहिला असता.

ब्रेव्हेवाल्यांचं, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पूर्ण करणाऱ्यांचं तर अजून वेगळं, 600 किमी 40 तासात म्हणजे रात्रही सायकलवरच, आणि डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन लागतं अन् रात्री हाडं गोठतात, अंधारात रस्त्यात उंट उभा असतो तो वेगळाच. जॅकेट आणि चांगला लाइट दोन्ही लागतंच.

तर विनंती अशी की अशा राइडची बातमी छापताना पाणी-मीठ, कपडे आणि सोबत कोण होतं याच्याही चार ओळी टाका. आमची पोरं आता कॉलेज सुटीत एकेकटी निघायला लागलीयेत.

आपला,
एक सायकलस्वार, नाशिक