तुमचा पट्टा अजून माझ्याकडेच आहे, काका

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. दीड तास तुम्ही आमच्यासाठी पावसात उभे राहिलात आणि आम्हा चौघांपैकी एकालाही नाव विचारायचं सुचलं नाही. दुकानावर पाटी नव्हती. टांगलेल्या जुन्या टायरवर पांढऱ्या रंगात ‘हवा’ एवढंच लिहिलं होतं. कात्रजचा नवा बोगदा संपला की साताऱ्याच्या दिशेने उतार लागतो, त्याच्या पायथ्याशी, शिंदेवाडीच्या आसपास, डाव्या हाताला. त्यामुळे पत्र पोस्टात टाकायची सोय नाही. असं चारचौघांत लिहितोय, तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी नजरेला पडेल म्हणून.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७च्या वर गेलेलं, ते दिवस. इथे पुण्यात भिडे पूल बुडाला होता, पण पुणेकरांना ते दर पावसाळ्याचं. सांगलीचं वेगळं होतं. माझी आजी नारायण पेठेतली, १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर तिने डोळ्यांनी पाहिलेला. टीव्हीवर सांगलीच्या गच्च्यांवरची माणसं दिसली तशी ती म्हणाली, “तुमच्याकडे ती बोट आहे ना, मग इथे काय करताय?” एवढं पुरलं.

बोट म्हणजे आमच्या ग्रुपची पंधरा फुटी फायबरची, मागे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर. (हा शब्द तुमचा. आम्ही तोवर ‘इंजिन’च म्हणायचो.) एरवी कयाकवाल्यांच्या मागे सेफ्टीला फिरायची, खडकवासल्याजवळ डोणज्याच्या शेडमधून पाण्यापर्यंत आणि पाण्यातून शेडपर्यंत, फार तर दोन किलोमीटर. तेवढ्याच प्रवासाच्या अनुभवावर आम्ही ती बोलेरोमागे लावून सव्वादोनशे किलोमीटर निघालो होतो.

आम्ही थांबलो ते हवा भरायला, असं तुम्हाला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. बोगद्यातून बाहेर पडून उताराला लागलो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आधी थोडा, मग बोलेरोलाच ओढायला लागला. माझा मित्र गाडी चालवत होता, त्याच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. कशीबशी गाडी हळू झाली आणि समोर तुमचा टायर दिसला. म्हणून थांबलो. हवा वगैरे नंतर सुचलं.

तुम्ही इरलं पांघरून बाहेर आलात, बोटीभोवती एक फेरी मारलीत, मधली दोरी बोटाने उचलून सोडलीत आणि म्हणालात, “कुणी बांधलं ह्ये? बोट बांधलीय का लुगडं वाळत घातलंय?”

मी बांधलं होतं. तेव्हा बोललो नाही. आज सांगतो.

खरं तर मला वाटत होतं की मी चांगलंच बांधलंय. पुढे विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरकाचा, पट्टा बोटीच्या नाळेवरच्या, पुढच्या टोकाच्या कडीत अडकवून करकचून ताणलेला. मधून नायलॉनची दोरी आडवी टाकून तीन गाठी. मागे काहीच नाही, कारण एवढी जड बोट मागे कुठे जाणार? त्यावर तुम्ही जे वाक्य बोललात ते मी आजवर पन्नास जणांना तरी ऐकवलं असेल: “ब्रेक मारला की ट्रेलर थांबतो. बोट न्हाई थांबत. तिला कुणी सांगितलंय थांबायला?” चढाला बोट मागे सरकायला बघते, ब्रेकला पुढे, खड्ड्यात वर उडते, आणि आमचा विंच यातलं फक्त मागे जाणं अडवत होता. तेही दातऱ्याच्या एका खटक्यावर. विंच बोट ट्रेलरवर ओढून घ्यायला असतो, रस्त्यावर धरून ठेवायला नसतो, हे आम्हाला पुस्तकात वाचूनही कळलं नसतं. तुम्ही तो खटका पान्ह्याने टकटक वाजवून दाखवलात, तेव्हा कळलं.

आणि मग पाण्याची गोष्ट. ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

तुम्ही मागे वाकून बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच शोधलंत, फिरवून काढलंत, आणि धबाधबा पाणी यायला लागलं. थांबेचना. दुपारपासून पाऊस, बोट उघडी, आणि बूच आम्ही आठवणीने घट्ट लावलेलं. बोटीला भोक नको, एवढीच आमची अक्कल. नवले पुलापासून बोगद्यापर्यंतच्या चढाला ते सगळं पाणी मागे जमलं होतं. त्याच्यावर मागेच रचलेले पाण्याच्या बाटल्यांचे आणि बिस्किटांचे खोके. त्याच्याही मागे इंजिन. तुम्ही हिशेब केलात, एक लिटर म्हणजे एक किलो, हे दीडशे किलो तरी असेल पोरांनो. शेपूट एवढी जड झाल्यावर पुढची दांडी हूक दाबायच्या ऐवजी वर उचलणार, आणि ट्रेलर हलणारच. आम्ही दोष टायरांना देत होतो.

दांडी तुम्ही हाताने उचलून दाखवलीत, एका हाताने, सहज. “ही मला उचलता येता कामा नये.” मग खोके उतरवले, निम्मे बोलेरोत कोंबले, उरलेले चाकांच्या जरा पुढच्या बाजूला ठेवले. पुन्हा उचलायला लावलीत, या वेळी मला. दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम हलली. सगळं मिळून हजार किलो असेल तर सत्तर-ऐंशी किलो तरी हुकावर बसले पाहिजेत, असं तुम्ही म्हणालात. नंतर मी पडताळून पाहिलं, बोटीच्या ट्रेलरसाठी पाच ते दहा टक्के धरतात. तुम्ही काट्याशिवाय सांगितलंत.

हुकाचं तर विचारूच नका. ट्रेलरचं तोंड बोलेरोच्या मागच्या बॉलवर बसलेलं दिसत होतं, खटका खाली होता, आमच्या मते काम झालं होतं. तुम्ही दांडीचं पुढचं चाक फिरवायला घेतलंत. फिरवत फिरवत दांडी वर, आणि तिच्यासोबत बोलेरोचं बूड वर यायला हवं होतं. आलं नाही. तोंड टक्कन बॉलवरून सुटलं. चौघांचेही चेहरे त्या बल्बच्या उजेडात तुम्हाला दिसलेच असतील. तुम्ही मात्र हसला नाहीत. नीट बसवलंत, खटक्यात पिन घातलीत, पुन्हा चाक फिरवलंत, आणि या वेळी गाडी उचलली गेली. साखळ्या आम्ही सरळ लावल्या होत्या, त्या तुम्ही दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या घेतल्यात. तोंड सुटलंच तर दांडी रस्त्यात रुतणार नाही, साखळ्यांच्या झोळीत पडेल.

मागच्या बाजूला बोटीच्या दोन कड्या असतात, हे आम्हाला माहीत होतं. त्या कशासाठी असतात ते नव्हतं. आमच्याकडे एकच रॅचेटवाला, खटक्याने ताणायचा पट्टा निघाला. तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि तुमचा घेऊन आलात, दोन इंच रुंद, खाकी, दोन्ही टोकांना जाड हूक. एक डाव्या कडीला, एक उजव्या, सरळ खाली ट्रेलरच्या चौकटीला. मी तो अॅक्सलला अडकवायला निघालो होतो तर माझ्या हातावर चापट बसली. अॅक्सल स्प्रिंगवर वरखाली होतो, त्याला बांधलेला पट्टा दर खड्ड्याला ढिला पडतो. नाळेच्या कडीतून विंचशी संबंध नसलेली वेगळी साखळी, विंच तुटला तरी ती राहील म्हणून. इंजिन नुसत्या स्वतःच्या खटक्यावर वर उचललेलं होतं, त्याखाली लाकडाचा ठोकळा घालून बांधून टाकलंत. आणि मधून आमचीच दोरी, पण ट्रकवाल्यांच्या गाठीने. मी जोर लावून ओढायला लागलो तर म्हणालात, “फायबर हाय, उसाची मोळी न्हाई.” जिथे पट्टा कडेवर घासत होता तिथे ट्यूबचे तुकडे कापून घातलेत. पट्ट्याला मधे एक पीळ दिलात. तो का, हे मला आधी समजलं नाही. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि फडफडून ढिला होतो, एक पीळ दिला की गप्प बसतो.

हे सगळं कुठे शिकलात, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. “खडकी. बॉम्बे सॅपर्स. हवालदार म्हणून निघालो.” बस, एवढंच. आम्ही पुढे काही ऐकायला मिळेल म्हणून थांबलो, तर तुम्ही ट्रेलरच्या चाकाच्या हबला हात लावून बघत होता. गरम लागतंय, पण सोसण्याइतकं. हात ठेवता आला नाही तर बेअरिंग गेलं समजायचं. गरम चाक तसंच पाण्यात घातलं तर आतलं तापलेलं हब गार होताना पाणी ओढून घेतं, म्हणून तिथे पोचल्यावर आधी अर्धा तास थांबा, असंही सांगितलंत. (पुरात अर्धा तास थांबायचं कसं, हे आम्ही विचारलं नाही. तुम्हीच म्हणालात, “आन् थांबता आलं न्हाई तर मग ग्रीस भरा आल्यावर.”)

निघताना तीन गोष्टी. दहा किलोमीटरवर थांबा, कारण बोट एकदा नीट बसली की पट्टे ढिले पडतात. पुढे दर चहाला हात लावून बघा. आणि शेपूट हललीच तर ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग उलटसुलट करायचं नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा. बूच तुम्ही परत लावलं नाहीत. पाऊस आहे तोवर भोक उघडंच राहू दे म्हणालात, आणि ते बूच सुतळीने इंजिनच्या किल्लीला बांधून माझ्या हातात दिलंत.

पैसे विचारले तेव्हा चार टायरांच्या हवेचे घेतलेत. चाळीस रुपये. पट्ट्याचं म्हणालात, “परत येताना दे.”

खेड-शिवापूरच्या टोलपुढे थांबलो, तर खरंच दोन्ही पट्ट्यांना दोन-दोन दात ओढून घ्यावे लागले. खंबाटकीच्या चढाला एका वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मित्राने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. मी मागे वळून पाहिलं. बोट जिथल्या तिथे. डोणज्याहून निघालो तेव्हा होती तशी बांधलेली असती तर ती विंचच्या खांबावरून आमच्या काचेत आली असती, हे कुणी बोललं नाही. पण शिरवळात घेतलेला चहा चौघांनाही आठवला असणार, कारण पट्ट्यांना हात लावायला चौघंही उतरलो होतो.

पेठ नाक्यावरून वळून आष्ट्याच्या अंगाने जिथवर डांबर दिसत होतं तिथवर गेलो. पुढचे चार दिवस हा या पत्राचा विषय नाही. फक्त एवढं सांगतो की पहिल्यांदा बोट पाण्यात ढकलताना अंधार होता, लोक ओरडत होते, घाई होती, आणि इंजिन सुरू करायला किल्ली घेतली तर तिला सुतळीने बूच लोंबत होतं. ते तिथे नसतं तर आम्ही भोक उघडं ठेवून निघालो असतो. मी ते लावलं, आणि त्या गोंधळातही मला हसू आलं.

परतताना रात्रीचे दोन वाजले होते, आम्ही बोगद्यातून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आलो. तुमच्या दुकानाचा बल्ब दिसला नाही. येत्या रविवारी जाऊन पट्टा देऊ, असं ठरलं. रविवार कसे जातात ते तुम्हाला काय सांगू. दिवाळीत गेलो तेव्हा तिथे रस्त्याचं काम निघालेलं होतं आणि दुकानाच्या जागी खडीचा ढीग. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, तो नवा होता. पुढे दोनदा गेलो, खेड-शिवापूरपर्यंत टांगलेला प्रत्येक टायर बघत. तुमचं अक्षर मला ओळखता आलं असतं. त्या ‘ह’चा पाय लांब होता.

पट्टा धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवलाय. रॅचेटला दर पावसाळ्याआधी तेल देतो. एकदाही वापरलेला नाही, आम्ही आमचे चार नवे घेतले. तुमच्या ट्यूबचे तुकडे मात्र अजून बोटीवर आहेत, ते परत मिळणार नाहीत. शेड तीच, खडकवासल्याच्या पुढे डोणज्याला, सिंहगडाकडे वळायच्या अलीकडे. बाहेर ट्रेलर उभा असतो, त्याच्या दांडीला साखळ्यांची फुली दिसेल. रविवारी सकाळी आम्ही असतोच. याल तेव्हा आधी दांडी उचलून बघाल, हे माहीत आहे. उचलणार नाही, काका.

आपला,
लुगडं वाळत घालणारा