खोल विहिरीतील पंपासाठी मदत करणाऱ्यांचे आभार

खोल विहिरीत सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप बसवल्यानंतर मोटार चालू असूनही पाणी जेमतेम येत होते, तेव्हा ज्या अनोळखी जाणकारांनी मला वेळ दिला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

पंपच सदोष आहे असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. परंतु तीन फेजच्या (तीन वीजवाहक तारांवर चालणाऱ्या) मोटारीतील कोणत्याही दोन फेजची अदलाबदल झाली तर ती उलटी फिरते आणि उलट फिरणारा पंप थोडेफार पाणी देत राहतो, म्हणून दोष पटकन लक्षात येत नाही, हे एका सद्‌गृहस्थांनी शांतपणे समजावले. वीजपुरवठा पूर्ण बंद करून स्टार्टरमधील दोन तारा बदलताच पाण्याचा दाब वाढला.

पुढे मोटार वारंवार ट्रिप होऊ लागली, म्हणजे आपोआप बंद पडू लागली. ओव्हरलोडची, म्हणजे जादा वीजप्रवाह झाल्यास मोटार बंद करणारी, मर्यादा वाढवण्याचा माझा विचार (आता आठवले की लाज वाटते) दुसऱ्या जाणकारांनी ठामपणे खोडून काढला आणि आधी मेगर या उपकरणाने तारांचे इन्सुलेशन (वीजरोधक आवरण) तपासायला लावले. पंप वर काढल्यावर पाण्याखालील केबलच्या जोडात ओल शिरलेली आढळली. तो जोड जलरोधक साहित्याने नव्याने करून, पंपाचा भार केबलवर न येता स्वतंत्र दोरावर राहील अशी व्यवस्था त्यांनीच सुचवली.

पाइप वर ओढताना ज्यांनी क्लॅम्प धरून ठेवले, त्यांची नावे विचारायचीही राहून गेली. त्यांचाही मी ऋणी आहे.